छापण्याची कसोटी, वगळण्याची सबब

वादग्रस्त चित्र छापावे की वगळावे, हा निर्णय वृत्तपत्राच्या कचेरीत काही मिनिटांत घेतला जातो. त्याचे पडसाद मात्र वर्षानुवर्षे उमटत राहतात. डेन्मार्कमधील 'युलंड्स-पोस्टेन' या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी प्रेषित महंमद हा विषय देऊन काढून घेतलेली १२ व्यंगचित्रे प्रसिद्ध केली. त्यानंतर उसळलेला वाद अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध धार्मिक भावना असा रंगवला गेला. वृत्तपत्रसृष्टीला अधिक अडचणीत आणणारा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. एका समाजाच्या श्रद्धेला लावलेला नियम दुसऱ्या समाजाच्या श्रद्धेलाही लावला जातो का, हा तो प्रश्न.

याचे पहिले उत्तर खुद्द 'युलंड्स-पोस्टेन'च्याच दप्तरात सापडले. एप्रिल २००३ मध्ये एका डॅनिश व्यंगचित्रकाराने येशूच्या पुनरुत्थानावरील चित्रे या दैनिकाकडे पाठवली होती. वाचकांना ती रुचणार नाहीत, उलट त्यावरून गदारोळ होईल, असे कळवून रविवारच्या आवृत्तीचे संपादक येन्स कायसर यांनी ती नाकारली. हा पत्रव्यवहार फेब्रुवारी २००६ मध्ये उजेडात आला, तेव्हा महंमदांची चित्रे आम्ही मागवली होती, येशूची मागवली नव्हती, असा खुलासा कायसर यांनी केला. तांत्रिकदृष्ट्या तो खरा असेल. पण वाचक दुखावतील ही भीती एकदा निर्णायक ठरावी आणि दुसऱ्यांदा तीच झुगारणे हे तत्त्व ठरावे, याचा उलगडा त्यातून होत नाही.

त्याच महिन्यात इराणमधील 'हमशहरी' या दैनिकाने ज्यूंच्या वंशसंहारावर व्यंगचित्र स्पर्धा जाहीर केली. ती चित्रेही छापण्याची तयारी डॅनिश व्यंगचित्रांमागील सूत्रधार, सांस्कृतिक विभागाचे संपादक फ्लेमिंग रोझ यांनी दाखवली. मुख्य संपादक कार्स्टन युस्टे यांनी ती फेटाळली आणि रोझ यांना रजेवर जावे लागले. स्वातंत्र्याची सीमा कोठे येते, हे वाचकांना यावरून कळले.

न छापणाऱ्यांची बाजूही निर्दोष नव्हती. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही व्यंगचित्रे वगळली. धार्मिक प्रतीकांवर विनाकारण आघात करणे टाळणाऱ्यांसाठी हा निर्णय रास्त आहे, शिवाय ही चित्रे शब्दांत सहज सांगता येतात, असा युक्तिवाद या पत्राने ७ फेब्रुवारी २००६ च्या अग्रलेखात केला. दुसऱ्याच दिवशी याच वादावरील कलाविषयक लेखासोबत त्याने ख्रिस ऑफिली यांचे 'द होली व्हर्जिन मेरी' हे चित्र छापले. हत्तीच्या शेणाचा वापर केलेल्या याच चित्रावरून १९९९ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये वादळ उठले होते आणि महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी संग्रहालयाचे अनुदान रोखण्याचा प्रयत्न केला होता. म्हणजे ज्या वादाची बातमी, त्यातील चित्र शब्दांत. आणि ज्याचा केवळ दाखला द्यायचा, ते चित्र मात्र डोळ्यांसमोर! कॅथलिक वाचकांना यात दुजाभाव दिसला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' साप्ताहिकाच्या कार्यालयावर झालेल्या हल्ल्यात १२ जण ठार झाले, तेव्हा याचीच पुनरावृत्ती झाली. जाणूनबुजून चिथावणी देणारी चित्रे आम्ही प्रसृत करत नाही, असे 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेने सांगितले. आंद्रेस सेरानो यांचे मूत्रात बुडवलेल्या क्रूसाचे १९८७ मधील छायाचित्र मात्र याच संस्थेच्या संग्रहात होते. ते निदर्शनास आणून दिल्यावर संस्थेने तेही काढून टाकले.

येथे खरा धोका दिसतो. दुटप्पीपणाचा आरोप दोन प्रकारे मिटवता येतो: सर्वांना एकच कसोटी लावून, किंवा सर्वच चित्रे काढून टाकून. दुसरा मार्ग सोपा असतो. मग 'त्यांच्या भावना जपता, तर आमच्याही जपा' अशी चढाओढ सुरू होते आणि समान न्यायाची मागणी हळूहळू समान बंदीच्या मागणीत रूपांतरित होते.

भारतात ही चढाओढ नवी नाही. डॅनिश व्यंगचित्रांवरून जग पेटले होते, त्याच फेब्रुवारी २००६ मध्ये 'भारतमाता' या नावाने वादात सापडलेले मकबूल फिदा हुसेन यांचे चित्र लिलावातून मागे घेण्यात आले आणि हुसेन यांनी माफी मागितली. एका वादात कलास्वातंत्र्याचा कैवार घेणारे अनेक जण दुसऱ्या वादात भावनांचे रक्षक झाले. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' हा न्याय दोन्ही बाजूंनी चालला.

महाराष्ट्राने याची किंमतही पाहिली आहे. जानेवारी २०१५ मध्ये 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो'चे मुखपृष्ठ बातमीसोबत छापले. माफी मागूनही त्यांना मुंब्रा पोलिसांनी अटक केली. जामीन मिळाला, पण नोकरी गेली आणि आवृत्तीही बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'आयसिस'च्या आर्थिक स्रोतांवरील लेखासोबतच्या रेखाचित्रावरून 'लोकमत'च्या काही कार्यालयांवर हल्ले झाले आणि त्या वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली. दंडसंहितेत १९२७ मध्ये आलेले कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून कायम आहे. त्यात बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूची अट आहे. पण हेतूची छाननी न्यायालयात व्हायची, अटक मात्र त्याआधीच होते.

अशा परिस्थितीत संपादकाला भीती वाटणे अस्वाभाविक नाही. कचेरीतील सहकारी, बातमीदार आणि चौकात अंक विकणारा विक्रेता यांच्या सुरक्षिततेचा विचार त्याने केलाच पाहिजे. आक्षेप भीतीला नाही, तिला तत्त्वाचा मुलामा देण्याला आहे. 'शार्ली एब्दो'वरील हल्ल्यानंतर लंडनच्या 'इंडिपेंडंट'चे तत्कालीन संपादक अमोल राजन यांनी, छापावेसे वाटत होते, पण कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने तो धोका फार मोठा होता, असे मोकळेपणाने सांगितले. ही कबुली अभिरुची आणि औचित्याच्या अनेक प्रवचनांपेक्षा प्रामाणिक होती. इतरांनी ताकाला जाऊन भांडे लपवले.

वृत्तपत्राने प्रत्येक वादग्रस्त चित्र छापलेच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. चित्राविना बातमी अपुरी राहते का, आणि हेच चित्र दुसऱ्या धर्माचे, बलिष्ठ वा दुर्बल समाजाचे असते तरी निर्णय हाच झाला असता का, एवढे दोन प्रश्न छापण्यापूर्वी विचारले जावेत. उत्तर काहीही असो, त्याचे खरे कारण वाचकांना सांगावे. वगळलेले चित्र वाचक विसरतो. आपल्याला खोटे कारण सांगितले गेले, हे मात्र तो विसरत नाही.