भिंतीवरील तसबीर आणि मूळ छायाचित्र

गिरगांवांत व लालबाग-परळ भागांत जुन्या चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्यापासून पुष्कळ कुटुंबांवर बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग येत आहे. अशा वेळीं पोटमाळ्यावरच्या ट्रंकेंतून जुनीं छायाचित्रें बाहेर निघतात आणि नव्या घराच्या भिंतीवर पणजोबांची अथवा आजीची मोठी तसबीर लावावी, अशी इच्छा होते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु घरांतील कोणी तरी मोबाइलवर त्या छायाचित्राचें छायाचित्र घेतो, तें व्हॉट्सअ‍ॅपवरून छपाईवाल्याकडे धाडतो, आणि तसबीर घरीं येते तेव्हां चेहरा धुक्यांतून पाहिल्यासारखा दिसतो. दोष बहुधा छपाईवाल्याचा नसतो.

मोठ्याचें लहान करणें सोपें, लहानाचें मोठें करणें कठीण. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं गिरगांवांत निघाला व त्यांचीं देवदेवतांचीं चित्रें घरोघर पोंचलीं. तेथें मूळ तैलचित्र बहुधा मोठें व छापील प्रत लहान असे. आपलें काम उलट आहे: मूळ पोस्टकार्डाएवढें आणि प्रत दोन हात उंच. जो बारकावा मुळांतून टिपलाच नाहीं, तो कागद मोठा केल्यानें उत्पन्न होत नाहीं.

संगणकावरील चित्र बारीक चौकोनांचें बनलेलें असतें. त्यांस पिक्सेल म्हणतात. हातांत धरून पाहावयाच्या छायाचित्रास दर इंचास ३०० पिक्सेल असावे. भिंतीवरील तसबीर आपण तीन फुटांवरून पाहतों. तेथून साधारण डोळ्यास इंचांत शंभराहून अधिक बारीक भेद कळत नाहींत. दहा फुटांवरून तीस पुरतात. गणेशोत्सवांतील कमानीवरचा भला मोठा फलक रस्त्यावरून स्वच्छ दिसतो आणि जवळून ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, त्याचें कारण हेंच.

आतां हिशेब करूं. चार इंच रुंद व सहा इंच उंच असें छायाचित्र स्कॅनरवर इंचास ६०० या प्रमाणानें उतरविलें, तर २४०० व ३६०० पिक्सेल मिळतात. त्याची दोन फूट रुंद व तीन फूट उंच तसबीर केली, तर इंचास १०० पडतात; म्हणजे काम निभावतें. सोळा इंच व चोवीस इंच एवढ्यावरच समाधान मानलें, तर इंचास १५० पडतात आणि जवळून पाहणाराही तृप्त होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमींच्या रीतीनें धाडलेलें चित्र मात्र लांब बाजूस बहुधा १६०० पिक्सेलांवर येतें. तें तीन फुटांवर ताणलें, तर इंचास ४५ देखील उरत नाहींत. म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी, किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावी.

स्कॅनरची कांच आधीं पुसावी. चित्र काळें-पांढरें असलें तरी रंगीत रीतीनेंच उतरवावें, म्हणजे पिवळेपणा व डाग पुढें काढतां येतात. फ्रेमच्या कांचेस चिकटलेलें छायाचित्र ओढून काढूं नये, कांचेसहच उतरवावें. पहिली प्रत टिफ प्रकारांत जपून ठेवावी व दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी. जेपेग फाइल पुनःपुन्हां बदलून साठविली कीं दर वेळीं थोडी झिजते. कॅन्व्हास लाकडी चौकटीवर ताणावयाचा असेल, तर दुमडण्यापुरती जागा चारी बाजूंस सोडावी, नाहीं तर पागोट्याचा कांठ मागें जातो. पडद्यावर उजळ दिसणारें चित्र कागदावर काळवंडतें. यास्तव चेहऱ्याचा तुकडा प्रत्यक्ष मापानें लहान कागदावर छापवून पाहावा व मग पुरी तसबीर सांगावी.

अधिक नाजूक प्रसंग आजीचें स्वतंत्र छायाचित्रच नसतें तेव्हांचा. लग्नाच्या समूहचित्रांत तिचा चेहरा अर्धा इंच असतो. इंचास १२०० प्रमाणानें उतरविला तरी सहाशेंच पिक्सेल येतात, आणि त्यांतही कागदाचे कण पुष्कळ. येथें चेहरा आपोआप स्वच्छ करून देणाऱ्या नव्या साधनांचा मोह पडतो. तीं साधनें हरवलेला बारकावा शोधून आणीत नाहींत. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून अंदाजानें नवा रचतात. भुंवयांची कमान, ओठांची ठेवण सुरेख होते, पण ती आजीचीच असेल असा भरंवसा नाहीं. तिला न पाहिलेलीं नातवंडें मात्र तीच आजी समजून नमस्कार करतील.

आमचें मत असें कीं, अशा वेळीं तसबीर लहान ठेवावी, अथवा सगळें समूहचित्रच मोठें करावें. दुरुस्त केलेली प्रत छापावयास देण्यापूर्वीं, आजीला पाहिलेल्या वडील माणसापुढें ती ठेवावी व त्यांचा शब्द अखेरचा मानावा. तसबिरीच्या मागें नांव, गांव व साल लिहावें, आणि मूळ छायाचित्र दमट भिंतीपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावें. तसबीर पुन्हां छापतां येते. मूळ गेलें कीं चेहराही गेला.