भरंवशाचें चाक

मोटारीचे टायर बदलावे कीं बदलूं नयेत, ह्या एका प्रश्नापायीं गेल्या चैत्रांत आमच्या घरीं तीन रात्री जेवणें लांबलीं. मोटार परदेशी बनावटीची, पुतण्यानें जुनी विकत घेतलेली. तिला कारखान्यांतूनच 'रनफ्लॅट' टायर आलेले. म्हणजे हवा गेली तरी कांहीं अंतर चालणारे. ते आतां झिजले होते, आणि त्यांच्या जागीं तसेच नवे न घेतां सर्वसाधारण टायर बसवावे असा पुतण्याचा विचार होता. वहिनींचा त्यास विरोध होता. मौज अशी कीं, पुतण्या हा खटाटोप वहिनींच्या पाठीसाठींच करूं पाहत होता!

मी जन्मभर मुलांकडून शब्दरूपें आणि संधि घोटवून घेतले. मोटार मला हांकतां येत नाहीं. तरीहि "काका, तुम्हीच काय तें सांगा" म्हणून निवाड्याचें काम माझ्याकडे आलें. निवाडा द्यावयाचा तर विषय समजून घेणें प्राप्त होतें, म्हणून महिनाभर मी पुतण्याचा विद्यार्थी झालों. त्या अध्ययनाचें सार ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें. अशा मोटारी आतां पुष्कळ घरांच्या दारांत उभ्या दिसतात. तेव्हां तें कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.

प्रथम मूळ वस्तु कशी आहे तें पाहूं. मोटारीचें ओझें टायराचें रबर उचलतें, अशी माझी आजवर समजूत होती. ती चुकीची ठरली. ओझें उचलते ती आंत कोंडलेली हवा. रबराचें काम तिला कोंडून ठेवण्याचें. हवा निघून गेली कीं टायराची भिंत बसते, आणि लोखंडी वा अ‍ॅल्युमिनियमची रिम तिला रस्त्यावर चिरडूं लागते. रनफ्लॅट टायराची भिंत रबराचे जादा थर देऊन मुद्दाम जाड आणि ताठ केलेली असते. हवा गेली तरी ती भिंत स्वतःच्या बळावर मोटार तोलून धरते. मात्र त्यास मर्यादा आहे. वेग ताशीं ८० किलोमीटरांच्या आंत ठेवावा आणि सुमारें ८० किलोमीटरांच्या आंत दुकान गांठावें, असा ह्या टायरांचा सामान्य नियम आहे. तुपाला भांड्याचा आधार कीं भांड्याला तुपाचा, हा शास्त्रीमंडळींतला जुना थट्टेचा प्रश्न येथें अगदीं खरा होऊन उभा राहतो. साध्या टायरांत आधार हवेचा. रनफ्लॅटांत वेळप्रसंगीं भांडेंच आधार होतें.

हवेच्या टायराचा इतिहास फार लांबचा नाहीं. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं असा टायर केला आणि १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हवा आली तसें पंक्चरहि आलें. आरंभींच्या मोटारींना जादा चाक नसे. १९०४ सालीं वेल्समधील लानेल्ली गांवीं एक जादा चाक निघालें. तें करणारांचें दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतें, म्हणून चाकाचें नांव 'स्टेपनी' पडलें. इंग्लंडांत तें नांव आतां कोणी घेत नाहीं. आमच्याकडे मात्र प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडीं तें जिवंत आहे. शब्दांचा प्रवास माणसांच्या प्रवासाहून विलक्षण असतो, तो असा.

पुढें ह्या स्टेपनीचीच अडचण वाटूं लागली. १९७० नंतरच्या दशकांत डनलॉप कंपनीनें 'डेनोव्हो' नांवाचा, हवा गेल्यावरहि चालणारा टायर कांहीं ब्रिटिश मोटारींना दिला. अमेरिकेंत १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीला असे टायर मुळांतूनच बसविलेले आले, आणि ह्या शतकाच्या आरंभापासून बीएमडब्ल्यू व मिनी ह्या मोटारींबरोबर ते सर्वत्र पसरले. स्टेपनी गेली, तिचें वजन गेलें, मागें सामानाला जागा झाली; आणि भरधांव रस्त्याच्या कडेला चाक बदलीत बसण्याचा धोकाहि टळला. कल्पना उत्तम आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या ८० किलोमीटरांच्या वचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, तेवढ्या अंतरांत त्याच मापाचा दुसरा टायर विकत मिळेल. पहिलें वचन टायराचें आहे; दुसरें वचन मात्र प्रदेशाचें आहे.

ह्याचा अनुभव आम्हांस दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आला. कुलदैवताच्या दर्शनासाठीं आम्ही सहाजण गुहागरला निघालों होतों. पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलों तों दिवस मावळला. दोनतीन वळणें उतरलों असूं नसूं, इतक्यांत समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला. पुतण्यानें उतरून पाहिलें. चाक पूर्वींसारखेंच दिसत होतें. रनफ्लॅटची हवा गेल्याचें डोळ्यांना कळत नाहीं, म्हणूनच अशा मोटारींत हवेचा दाब कळविणारी यंत्रणा असावीच लागते. पुतण्या म्हणाला, "काका, थांबायचें कारण नाहीं." आणि खरोखरच त्या काळोखांत, एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी असतां, तसल्या चाकावर आम्ही सावकाश घाट उतरून चिपळुणास सुखरूप पोंचलों. वहिनींनीं तेथेंच मनांत गांठ मारली कीं, हे टायर नव्हेत, कुलदैवतच आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पंक्चरवाल्यानें टायर उतरविला, तेव्हां आंतून रबराची काळी भुकटी पडली. खिळा केवढासा, पण हवेशिवाय चालल्यामुळें भिंत आंतून झिजून गेलेली. "भोंक बुजवीन हो, पण टायर संपला," असें तो प्रामाणिकपणें म्हणाला. बहुतेक कारखान्यांचा सल्लाहि असाच असतो कीं, हवेशिवाय चाललेला रनफ्लॅट दुरुस्त करून वापरूं नये. त्या मापाचा टायर गांवांत नव्हता. तो पुण्याहून तिसऱ्या दिवशीं आला. आम्ही दोन रात्री लॉजवर काढल्या, आणि गुहागरला एस. टी.नें जाऊन आलों. त्या यात्रेंतून वहिनींना आठवतो तो घाट, आणि पुतण्याला आठवतें तें लॉज!

आतां पाठीचें. ताठ भिंतीचा गुण तोच तिचा दोष आहे. साध्या टायराची भिंत किंचित् वांकते आणि रस्त्याचे बारीक हादरे स्वतः गिळते. रनफ्लॅटची भिंत ते वर पोंचविते. वहिनींची पाठ मणक्यांच्या विकारानें अधू झालेली. त्यांची थोरली बहीण वाईस अंथरुणाला खिळून आहे, आणि महिन्यांतून एकदां तिला भेटून येण्याचा वहिनींचा नेम होता. पौषापासून तो मोडला. कधीं घरांत पाहुणे, कधीं एकादशी, कधीं ऊन, अशीं कारणें निघत. खरें कारण आमच्या सुनेला कळलें. वाईहून परतल्यावर वहिनी चार चार दिवस शेकत पडून राहत, आणि तें कोणास कळूं देत नसत. पुतण्याचा हट्ट ह्यामुळें होता. परंतु वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, पाठ माझी एकटीची दुखते. घाटांत रात्रीं चाक बसलें तर मुलाबाळांना घेऊन कोठें उभें राहायचें?" ह्यावर मला लगेच उत्तर सुचलें नाहीं.

विचाराअंतीं मला जें दिसलें तें असें. रनफ्लॅट टायर मनुष्याची सावधगिरी आपल्याकडे घेतो आणि तिची किंमत रोजच्या हादऱ्यांत व पैशांत वसूल करतो. तो काढून टाकावयाचा तर काढून टाकतां येतो. पण मग ती सावधगिरी आपण परत घेतली पाहिजे. केवळ टायर बदलला आणि बाकी सारें पूर्वींसारखेंच ठेवलें, तर ती काटकसर नसून आपल्या माणसांशीं केलेली हयगय होय. म्हणून मीं होकार दिला, तो अटी घालून.

पहिली अट, चारही टायर एकदम बदलावे. दोन ताठ आणि दोन मऊ अशी मिसळ केल्यास वळणावर मोटार कशी वागेल याचा नेम राहत नाहीं. माप तेंच असावें. भार पेलण्याचा अंक आणि वेगाचें अक्षर मूळच्याहून कमी नसावें. रिमा मात्र बदलाव्या लागत नाहींत. रनफ्लॅटच्या रिमेवर साधा टायर बसतो. टायरावरील चार आंकड्यांची तारीखहि वाचून घ्यावी; २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. विमा कंपनीला हा बदल लेखी कळवून ठेवणें बरें.

दुसरी अट, मोटारीबरोबर साधनें हवींत. आमच्या मोटारींत स्टेपनी तर नव्हतीच, पण जॅक आणि पानाहि नव्हता. कारण कारखान्याच्या मतें त्यांची गरजच नव्हती! हें पुष्कळांच्या ध्यानांत पहिल्या पंक्चराच्या वेळींच येतें. आम्हीं जॅक, पाना, चाकाच्या बोल्टांची खास चावी, हवा भरण्याचा लहान पंप आणि भोंक बुजविण्याचा संच घेतला. केंद्र सरकारनें २०२० सालीं नियम बदलून, दाब कळविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीवांचून चालण्याची मुभा दिली आहे. तरीपण संचानें तळाचें लहान भोंक बुजतें. भिंत फाटली तर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणून गांवांत संच आणि दूरच्या प्रवासाला स्टेपनी, असें ठरलें. ती ठेवण्यास आमच्या मोटारींत खळगाच नाहीं. ती मागें पट्ट्यानें बांधावी लागते आणि एका ट्रंकेची जागा खाते. ती ट्रंक कोणाची, हा वाद अद्याप चालूच आहे.

तिसरी अट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. दर रविवारीं सकाळीं, मोटार चालविण्यापूर्वीं, चाकें थंड असतांना हवा मोजावी. दाब किती असावा हें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. दाबाची यंत्रणा टायर बदलल्यावर पुन्हां जुळवून घ्यावी, आणि दिवा लागला तर 'पुढें पाहूं' म्हणूं नये. रनफ्लॅटवर तें म्हणतां येत होतें. साध्या टायरावर म्हणतां येत नाहीं. हें काम मीं पुतण्याच्या मुलीकडे सोंपविलें. ती नववींत आहे, आणि वडिलांपेक्षां नियमित आहे.

बदलानंतर फरक पडला काय? पडला, पण येथें शिक्षकानें प्रामाणिक राहिलें पाहिजे. जुने झिजलेले रनफ्लॅट आणि कोरे करकरीत साधे टायर यांची तुलना ही म्हातारा आणि मुलगा यांची शर्यत आहे. कोणताहि नवा टायर कांहींसा मऊच लागतो, आणि हल्लींचे रनफ्लॅट पूर्वींइतके कठोर राहिलेले नाहींत. पुतण्याच्या मतें वळणावर मोटार पूर्वींइतकी चोख वाटत नाहीं. खड्ड्यापासून अभय तर मिळालेलें नाहींच. साध्या टायराची भिंत खड्ड्याच्या कडेवर चेंगरून तिला फुगा येऊं शकतो. जो मनुष्य एकटा रात्री-अपरात्रीं प्रवास करतो, किंवा ज्यास चाकाला हात लावणें शक्य नाहीं, त्यानें रनफ्लॅटच ठेवावे असेंच मी म्हणेन. पण वहिनी वैशाखांत वाईस गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींप्रमाणें फुलें काढतांना दिसल्या. आमच्यापुरता निकाल तेथेंच लागला.

आषाढांत मात्र परीक्षा झाली. वाईहून परततांना खंबाटकी ओलांडून शिरवळजवळ आलों तोंच दिवा लागला. पुतण्यानें वेग कमी करून मोटार पुढच्या पेट्रोलपंपाच्या आवारांत नेली. बापलेकींनीं जॅक लावला, खिळा उपसला, भोंक बुजविलें, हवा भरली. अर्धा-पाऊण तास लागला. पाऊस भुरभुरत होता. मी छत्री धरण्याचें महत्त्वाचें काम केलें. वहिनी बाकावर बसून सारें न्याहाळीत होत्या. आतां त्या 'मीं सांगितलें नव्हतें का' म्हणणार, अशा तयारीनें मी जवळ गेलों.

त्या इतकेंच म्हणाल्या, "भावोजी, तो जॅक ओला तसाच ठेवूं नका म्हणावें. पुसून फडक्यांत बांधा, नाहीं तर ऐन वेळीं गंजलेला निघेल."