पाठमोऱ्या रांगेची भूमिका

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातल्या ब्राह्मणांच्या रांगेबद्दल आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या हौशी मंडळींत एक मत कानावर येतं: ती भूमिका नव्हेच, तो गाणारा पडदा. अभिनय नाना फडणवीस आणि घाशीराम यांनी करावा, रांगेने ताल सांभाळला की झालं. दुसरा आक्षेप जाणकारांचा आणि जुना आहे: नाचगाण्यात प्रेक्षक रंगतो, तेंडुलकरांचा आशय मात्र हरवतो.

आधी पहिलं मत. भूमिका संवादांच्या लांबीवर ठरत नाही, ती काय करते यावर ठरते. ही रांग देवाचं नाव घेत डोलते, बावनखणीच्या नाचगाण्यात रंगते आणि क्षणात पाठ फिरवून भिंत होते. त्या भिंतीआड नाना फडणवीस हवं ते करतो. तिथे नटाजवळ चेहरा नाही, शब्द नाही. ‘मला दिसतंय, पण मी बघणार नाही’ हे त्याला नुसत्या पाठीने सांगायचं असतं. हा अभिनय नाही, तर कोणता?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना भुरळ घालते, हे खरंच. पण आशय हरवला असता, तर तो झोंबला कुणाला? १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात जब्बार पटेलांनी हे नाटक रंगमंचावर आणलं आणि १९ प्रयोगांनंतर ‘पीडीए’ या संस्थेने ते थांबवलं. पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभं केलं. नाचगाण्याने आशय झाकला असता, तर ते थांबवण्याची वेळच आली नसती. उलट, ज्या ठेक्यावर आपण मघाशी पाय हलवला, त्याच ठेक्यातली माणसं शेवटी घाशीरामाच्या जिवावर उठतात, तेव्हा आपणही त्यांच्यात सामील होतो, हे कळून अंगावर काटा येतो.

शेगावच्या पालखीत टाळकऱ्यांची पावली पाहिलेल्यांना तरी रांगेचं बळ सांगावं लागू नये. तिथे एकाचं पाऊल चुकलं, तर सगळी ओळ बिघडते. म्हणून दिग्दर्शकांना आग्रहाने सांगणं आहे: उरलेली पोरं रांगेत उभी करू नका. गळ्याची, तालाची, समज असलेली माणसं आधी रांगेसाठी निवडा, मग नाना शोधा. सत्ता एकट्या नानाच्या जोरावर चालत नाही; पाठ फिरवणाऱ्यांच्या जोरावर चालते. हे नाटकात सांगते ती रांगच.