माळ्यावरचं दप्तर

नवरात्र सरलं की घरोघरी माळे उपसले जातात. पितळी भांडी घासूनपुसून पुन्हा फडताळात जातात, मोडक्या खुर्च्या भंगारवाल्याकडे आणि लाल कापडात बांधलेलं एखादं दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, रद्दीच्या ढिगावर. आतले मोडी लिपीतले कागद घरात कुणालाच वाचता येत नाहीत. कडांना कसर लागलेली असते, पावसाळ्यात धरलेली ओल नाकाला जाणवते. गाठोडं किलोच्या भावानं जातं आणि त्याबरोबर गावाच्या कित्येक पिढ्यांचा हिशेबही जातो.

याच दिवसांत अंगणाअंगणांत पोरं मातीचे किल्ले उभारतात. गावोगावची इतिहास मंडळं किल्ल्यांच्या स्पर्धा भरवतात, 19 ते 25 नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात वारसाफेऱ्या काढतात. हे सगळं व्हायलाच हवं. जुलै 2025मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला आहे. पण किल्ला जागेवर उभा असतो. आज पाहायचा राहिला तर पुढच्या वर्षी पाहता येतो. कागदाचं तसं नाही. म्हणून स्थानिक मंडळांनी आपल्या वर्षाच्या कार्यक्रमांत पहिला मान माळ्यावरच्या दप्तराला द्यावा.

महाराष्ट्रात इतिहास संशोधनाची सुरुवातच मुळी अशा दप्तरांतून झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना पानिपतच्या काळातली पत्रं वाईत सापडली आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या 22वर गेली. त्यासाठी हा माणूस आयुष्यभर वाडे, मठ, कुलकर्ण्यांची घरं धुंडाळत हिंडला. खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीनं 7 जुलै 1910 रोजी त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. तिथे आज जे लाखो मोडी कागद आहेत, त्यांतले कितीतरी कुणाच्या तरी घरातूनच आलेले आहेत. 31 डिसेंबर 1926 रोजी राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं.

गाठोड्यात असतं तरी काय? एखादा महजर निघाला तर बघत राहावं. महजर म्हणजे गावसभेनं केलेल्या निवाड्याचा कागद. अरुंद पट्ट्या एकीखाली एक चिकटवून केलेला, हातभर नाहीतर त्याहूनही लांब. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. पट्ट्या जिथे जोडल्या तिथे पाठीवर शिक्का असतो, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. आणि शेवटी साक्षी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापल्या कामाचं चिन्ह काढलेलं असतं: पाटलाचा नांगर, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा. तख्तांच्या इतिहासात ज्यांना ओळसुद्धा मिळाली नाही, ती माणसं इथे साक्षीदार म्हणून हजर आहेत. गावाचा वारसा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

कोजागरी ते वसुबारस, एवढे दिवस ही दप्तरं वाचवायला पुरे आहेत. मंडळानं शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयात दप्तर-मेळा ठेवावा. लोकांनी गाठोडी आणावीत, मोडी वाचणाऱ्यानं कागद कशाचा ते सांगावं, छायाचित्र घ्यावं आणि कागद तिथल्या तिथे घरच्यांना परत द्यावा. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. जमिनीचे नाहीतर वतनाचे जुने वाद उकरले जातील या धास्तीनं अनेक घरं कागद दाखवतच नाहीत. कागद तुमचाच राहील आणि तुमच्या परवानगीशिवाय छापला जाणार नाही, हे मंडळानं लेखी द्यायला हवं.

जपणूक कशी करायची तेही तिथेच दाखवता येईल. ओलसर कागद उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर ठेवावा. फाटला तर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये; चांगल्या हेतूनं केलेल्या या उपायांनीच बरेच कागद कायमचे खराब होतात. स्वच्छ सुती कापडाचा रुमाल आणि त्यात वेखंडाचा तुकडा ही जुन्यांची रीत आजही चालते.

ठिकठिकाणी मोडीचे वर्ग भरतात. माणसं हौसेनं अक्षरं गिरवतात आणि पुढे वाचायला कागदच हाती येत नाही म्हणून विसरतात. त्यांना असा मेळा हवाच आहे. तालुक्याच्या गावात असे दोघेतिघे सहज सापडतील. बाकी लागतील ती दोन मोठी टेबलं, एक नोंदवही आणि बरा कॅमेरा असलेला फोन. गावात दवंडी मात्र माळे उपसायच्या आधी पिटायला हवी.