साभार पोच मिळाली, परीक्षण कधी?

वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीत कुठेतरी कोपऱ्यात 'साभार पोच' अशी चौकट असते. पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठे, किंमत, बस्स. पुस्तक हाती पडले, एवढेच ती सांगते. पुस्तकात काय आहे आणि ते कितपत खरे आहे, हे सांगायचे काम परीक्षणाचे. पोच मिळाल्यावर परीक्षणाची वाट पाहणारा लेखक कसे दिवस काढतो, हे आम्ही गेले दीड वर्ष जवळून पाहत आहोत.

आमच्या एका स्नेह्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोककवी वामनदादा कर्डक यांचे चरित्र लिहिले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले आणि मोठेपणी अक्षरओळख झालेले वामनदादा २००४ साली कालकथित झाले. त्यांची गाणी पुस्तकांपेक्षा गायकांच्या गळ्यात अधिक राहिली. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफण्याची त्यांची रीत होती. गाताना ते कडवे गळाले की गाणे निनावी होते. म्हणून अशा कवीचे चरित्र लिहायचे तर कागदांइतकीच माणसेही शोधावी लागतात. स्नेह्यांनी सहा वर्षे वह्या आणि कॅसेटी जमवल्या, गावोगावचे जुने गायक-वादक गाठले.

फंडाच्या पैशातून ५०० प्रती छापल्या. परीक्षणासाठी प्रत्येकी दोन याप्रमाणे १२ ठिकाणी २४ प्रती पाठवल्या. दोनशे रुपये किमतीने हिशेब केला तर ४८०० रुपये झाले, टपालखर्च वेगळा. त्या बदल्यात दोन ठिकाणी साभार पोच आली. बाकी सारे शांत. दर रविवारी सकाळी ते वाचनालयात जातात, सगळ्या पुरवण्या चाळतात आणि घडी घालून जागेवर ठेवतात. वहिनी आता काही विचारत नाहीत.

काहीजण म्हणतात, "परीक्षण आले नाही तर काय बिघडले? कौतुकाचा एवढा हव्यास कशाला?" त्यांना एक घटना सांगतो. गेल्या ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या स्टॉलवर एका तरुणाने हे चरित्र उभ्या उभ्या चाळले. त्याचे वडील अनेक वर्षे वामनदादांच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवत. कोणते गाणे कुठे रचले, पहिल्यांदा कुठे म्हटले, हे त्यांना तोंडपाठ होते. ते चार महिन्यांपूर्वीच गेले होते. रोजचा पेपर त्यांना हा मुलगाच वाचून दाखवी. पुस्तक त्याआधी सहा महिने छापून तयार होते. एखादे परीक्षण वेळेवर आले असते, तर त्या घरापर्यंत बातमी गेली असती आणि दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढले असते. आता ती माहिती कोणाकडे मागायची?

मोठ्या वर्तमानपत्रांचे मौन आपल्याला नवे नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती. बाबासाहेब त्यावर रुसून बसले नाहीत, 'मूकनायक' निघाला. त्याआधी १९१८ साली त्यांनी स्वतः बर्ट्रांड रसेल यांच्या समाजरचनेवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिले होते. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाचे कुठे पटते आणि कुठे पटत नाही, ते मुद्देसूद मांडले होते. परीक्षण कसे असावे, याचा धडा आपल्या घरातच आहे.

मग आपण काय करतो? प्रकाशन समारंभ थाटात करतो. शाल, पुष्पगुच्छ, पाच वक्त्यांची भाषणे. त्या पाचांपैकी पुस्तक वाचून किती जण आलेले असतात, हे आम्ही व्यासपीठाजवळ बसून अनेकदा पाहिले आहे. समारंभ संपला की पुस्तकाचे गठ्ठे लेखकाच्या पलंगाखाली जातात. इतरांनी आपल्या पुस्तकाकडे पाहिले नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी आपण ते पाहिले का, एवढे विचारावे.

आमची सूचना साधी आहे. वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालतेच. त्यातला एक रविवार आपल्या कवी-शाहिरांच्या चरित्रासाठी ठेवावा. शिकलेल्या मुलामुलींनी वाचून दाखवावे आणि वडीलधाऱ्यांनी ऐकताना टोकावे, "हे असे नव्हते, बाळा, मी तिथे होतो." ते लगेच वहीत उतरवावे. नाव, गाव, साल लिहावे. त्यातून दोन पानांचे परीक्षण तयार होते. ते या साप्ताहिकाकडे पाठवावे आणि एक प्रत लेखकालाही द्यावी. चूक सापडली तर संकोच न करता लिहावी. खऱ्या चरित्रकाराला त्याचा राग येत नाही.

आमचे स्नेही येत्या रविवारीही वाचनालयात जाणारच आहेत. तोवर तुमच्या चाळीत वामनदादांबरोबर गायलेले, वाजवलेले कोणी असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा.