गुन्हा अळीचा, शिक्षा कास्तकाराला

गुलाबी बोंडअळी आली की दोष कास्तकाराच्या माथी मारला जातो. त्याने आश्रयपीक लावले नाही, त्याने फरदड राखली, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या! अमरावती-अकोल्याकडे आपल्यातलेही काही जण हीच भाषा बोलतात. म्हणून हा प्रश्न मुळातून तपासणे अगत्याचे आहे.

प्रत्येक जीवाला आपली शक्ती वाढ, प्रजनन आणि तग धरणे यांत वाटून द्यावी लागते. ही वाटणी म्हणजे त्याचा जीवनक्रम. हिरवी बोंडअळी उधळ्या स्वभावाची. तिचा पतंग शेकड्यांनी अंडी घालतो आणि कापूस, तूर, हरभरा, मिळेल त्यावर तिचे भागते; हरभऱ्यावर तिलाच आपण घाटेअळी म्हणतो. गुलाबी अळीचे आयुष्य मात्र जवळजवळ एकट्या कापसावर बेतलेले आहे. अंड्यातून निघताच ती पातीत किंवा बोंडात शिरते. मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. हंगाम सरला की सरकीत वा वाळल्या बोंडात निपचित पडून पुढच्या कापसाची वाट पाहते.

बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ साली आले. विष पचवणाऱ्या पतंगाची जोडी विषाला बळी पडणाऱ्याशी जमली, तर त्यांची प्रजा बहुधा बीटीवर मरते. त्यासाठी बिनबीटी झाडे हवीत. हिरव्या अळीपुरती ही सोय तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रानांनी आपोआप केली. गुलाबीसाठी ती कापसातच करावी लागणार होती. म्हणजे तीन एकरवाल्याने आपल्या वावराचा तुकडा अळीला चारायचा आणि त्याचा लाभ साऱ्या मुलखाला, शिवाय बियाणे कंपनीला! या नुकसानीची भरपाई कोण देणार, हे मात्र कोणी सांगितले नाही. गुजरातेत पहिले वाण गुलाबी अळीपुढे हरल्याचे २०१० साली कंपनीनेच मान्य केले. २०१७ साली दुसऱ्याचीही तीच गत वऱ्हाडाने पाहिली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले.

खरी मेख पुढेच आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत आहे. आपल्याकडे ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून आले, कारण संकरित बी दरसाल विकत घ्यावे लागते. बी महाग, म्हणून लागवड विरळ. झाडे कमी, म्हणून प्रत्येक झाडाने महिनोन्‌महिने बोंडे धरावीत ही अपेक्षा. सुमारे महिन्याभरात पिढी पुरी करणाऱ्या, कापसाखेरीज दुसरे न खाणाऱ्या किडीला याहून चांगली खानावळ कोणती? उलट चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले, त्यातली सुमारे चतुर्थांश झाडे बिनबीटी निघाली आणि अळीची प्रतिकारशक्ती ओसरली, असा अभ्यास २०१७ सालीच प्रसिद्ध झाला आहे.

फरदडीने अळी पोसली जाते, हे खरेच आहे. पण ज्याच्या विहिरीत दोन पाळ्यांपुरतेच पाणी, त्याला ते गव्हापेक्षा उभ्या पऱ्हाटीला देऊन आणखी एखादी वेचणी काढणे परवडते. आणि बांधावरची पऱ्हाटी हे घरच्या चुलीचे सरपण असते. सिलिंडरचा दर ठाऊक असणाऱ्याने त्यावर उपदेश करू नये.

अळीला उपाशी ठेवायचे तर लवकर उरकणारे, दाट पेरता येणारे आणि घरचे बी राखता येईल असे सरळ वाण हवे. एकेए-७, एकेए-८४०१ ही देशी वाणे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचीच आहेत, आणि महाबीजचे मुख्य कार्यालयही अकोल्यातच आहे. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, तिथे अशा वाणांची गरज सर्वांत निकडीची. पेरणीआधी हे बी पुरेसे आणि परवडणाऱ्या दरात मिळावे, ही मागणी तालुक्या-तालुक्यातून व्हावी. सोबत जिनिंग कारखान्यांच्या आवारात, जिथे सरकीतून पतंग बाहेर पडतात तिथे, कामगंध सापळे लावण्याचा खर्च कारखानदारांवर टाकावा. सापळे विकत घेण्याचा उपदेश कास्तकाराला आजवर पुष्कळ झाला आहे.