चेकवर सही कुणाची?

विमान आणि स्त्री हे दोन शब्द एकत्र आले, की आपल्याला अमेलिया इअरहार्ट आठवते, आपल्याकडच्या सरला ठकराल आठवतात. कॉकपिटमधली बाई फोटोत छानच दिसते. पण विमानांचा कारखाना चालवणाऱ्या बाईचं नाव विचारलं, तर बहुतेक घरांत शांतता पसरेल. ऑलिव्ह ॲन बीच हे ते नाव. या बाई वैमानिक कधीच नव्हत्या.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९०३ साली त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी बँकेत स्वतःचं खातं, अकराव्या वर्षी घरची बिलं चुकती करून चेक लिहिण्याचं काम! (आपण त्या वयाच्या मुलीच्या हाती काय देतो, जरा आठवून पाहा.) पुढे विचिटा शहरातल्या ट्रॅव्हल एअर या विमान कंपनीत त्या हिशेबनीस म्हणून लागल्या. कचेरीत बाई अशी ही एकटीच. विमानाचे भाग कळेनात, तेव्हा त्यांनी नावांसकट आकृती काढून मागितली आणि ती शिकून घेतली.

कंपनीचे एक संस्थापक वॉल्टर बीच यांच्याशी १९३० मध्ये त्यांचं लग्न झालं. १९३२ साली, ऐन मंदीत, दोघांनी बीच एअरक्राफ्ट काढली. वॉल्टर विमानं पाहत, बाई पैसा. १९३६ च्या बेंडिक्स शर्यतीत आपलं विमान स्त्रीने चालवावं, ही कल्पना बाईंचीच. लुईस थेडन आणि ब्लँच नॉयस यांनी पुरुषांना मागे टाकून ती शर्यत जिंकली.

१९४० मध्ये वॉल्टर मेंदूज्वराने अंथरुणाला खिळले. बाई तेव्हा दुसऱ्या बाळंतपणासाठी इस्पितळात होत्या. ही संधी साधून काही अधिकाऱ्यांनी कंपनी बळकावण्याच्या हालचाली सुरू केल्या. बाईंनी त्यांना घरचा रस्ता दाखवला. युद्धकाळात कारखान्यातून ७,४०० हून अधिक विमानं बाहेर पडली. १९५० मध्ये वॉल्टर गेले आणि बाई अध्यक्ष झाल्या. आपल्या अनेक राज्य सरकारांनी वापरलेलं 'किंग एअर' विमान १९६४ साली, त्यांच्याच कारकिर्दीत बाजारात आलं.

नवरा गेला म्हणून खुर्ची मिळाली, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. शेअर वारशाने मिळतात. कुणाचं किती देणं आहे, कोणता अधिकारी कितपत भरवशाचा, हे वारशाने मिळत नाही. ते बाईंना वीस-पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं.

आपल्याकडेही धंद्यात बायकोचं नाव असतंच, पण कागदोपत्री. माझ्या माहितीतल्या एका छापखान्याच्या भागीदार बाईंना पती आजारी पडल्यावर कळलं, की यंत्रावर कर्ज आहे. पंधरा वर्षं त्या दाखवलेल्या जागी सही करत होत्या. आता रोज दुपारी जमाखर्चाची वही घेऊन बसतात. परवा कागदवाल्याने बिलात दोन रिमं जास्त लावली होती, ती त्यांनीच पकडली.